लॅटिनचे व्हिडिओ पाठ: आठवड्याला किती पुढे जायचं?

वायतुरा
नमस्कार. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. दोन्ही मुलं तीन वर्षांपासून घरीच शिकतात. थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊचा.

लॅटिन आमच्या घरात कासच्या पठारावरून आलं. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिथे वायतुरा दिसला, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा असतो ना, तोच. घरी आल्यावर थोरलीने त्याचं शास्त्रीय नाव शोधलं: आपोनोगेटोन सातारेन्सिस. "आई, यात सातारा आहे!" मग सोनकीच्या नावात बॉम्बेएन्सिस सापडलं. 'एन्सिस' म्हणजे 'तिथला' हे तिने स्वतःच ओळखलं आणि उरलेल्या नावांचे अर्थ मला विचारायला लागली. मला येत नव्हते. म्हणून लहान मुलांसाठीचा एक व्हिडिओ अभ्यासक्रम घेतला. शिकवणं इंग्रजीतून आहे. साधारण पंधरा मिनिटांचा एक पाठ, सोबत वही, आणि आठवड्याला एक पाठ संपवा अशी सूचना.

पहिले आठ पाठ सहा आठवड्यांत झाले. नवव्यात नपुंसकलिंग आलं आणि गाडी अडली. थोरलीला पुढचं बघायचं असतं. धाकटा तोच व्हिडिओ चार वेळा बघतो, बाईंबरोबर तालात म्हणतो, पण वही उघडली की गप्प. कर्म कुठलं विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघतो.

म्हणजे पाठ 'बघून झाले' आहेत, 'आले' नाहीत. वेग कसा ठरवायचा? दोघांना एकत्र ठेवू की वेगळं करू? अडलेल्या पाठावर किती दिवस थांबायचं? ज्यांनी कुठलीही भाषा व्हिडिओवरून मुलांना शिकवली आहे त्यांनी कृपया लिहा.

एक_कप_चहा
आधी संस्कृत का नाही? मुक्त विद्यालयाच्या दहावीला संस्कृत घेता येतं. लॅटिनचा पुढे काय उपयोग?

वायतुरा
@एक_कप_चहा, संस्कृतही करणार आहोत. पण प्रश्न तिने लॅटिनचा विचारला होता. मुलीने आपणहून विचारलेला प्रश्न बाजूला ठेवून माझा विषय पुढे करायचा, तर मग मुलांना घरी ठेवण्यात अर्थ काय?

वाईचा_घाट
मी वाईचा. प्राज्ञपाठशाळेच्या गावातला म्हणून संस्कृत लहानपणापासून कानावर पडलं. आमच्या आजोबांनी 'रामः रामौ रामाः' ही एकच विभक्ती पंधरा दिवस म्हणून घेतली होती. रोज सकाळी आंघोळीनंतर दहा मिनिटं, त्याच्यावर एक मिनिट नाही. सोळाव्या दिवशी 'देव' शब्द दिला आणि म्हणाले, चालव. तो आपोआप चालला. घाई तिथे नव्हतीच, आणि दहा मिनिटांच्या पुढे ताणणंही नव्हतं. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

संस्कृत की लॅटिन या वादात पडू नका. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात. मुलांना जोड्या लावायला द्या: मातेर आणि मातृ, इग्निस आणि अग्नि, देन्तेम आणि दन्तम्, सेप्तेम आणि सप्त, एस्त आणि अस्ति, सुन्त आणि सन्ति. एका दुपारचा खेळ आहे. त्या दुपारी नवा पाठ लावू नका.

तासगावचा_बेदाणा
मी थोडं उलटं सांगतो. माझ्या मुलाने (तेरा वर्षं, तोही घरी शिकतो) अख्खी मालिका सुट्टीत दीड महिन्यात बघितली. मी अडवलं नाही. वही नाही, परीक्षा नाही. मग पहिल्या पाठापासून वहीसकट पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या फेरीत कुठलीच गोष्ट त्याला परकी वाटली नाही, 'हे पुढे कशाला लागतं' हे माहीत होतं. अडलेल्या पाठावर बसून राहिलं की मुलाला वाटतं हा विषय म्हणजे भिंत. भिंतीला वळसा घालून पलीकडे काय आहे ते बघू दे की.

मिरजमात्रा
@तासगावचा_बेदाणा, तेरा वर्षांच्या मुलाला जमलं असेल. नऊ वर्षांच्याला दीड महिना व्हिडिओ दाखवले तर तो व्हिडिओच शिकेल. बाईंचा ताल, पार्श्वसंगीत, कुठे हसतात ते सगळं पाठ. माझ्या भाचीचं असंच झालं होतं, लॅटिन नव्हे, इंग्रजी व्याकरणाचं.

मी मिरजेत औषधांच्या दुकानात बसते. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर रोज लॅटिन असतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बीडी म्हणजे 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम', दिवसातून तीनदा घ्यायचं. एसी 'आन्ते किबुम', जेवणाआधी. पीसी 'पोस्त किबुम', जेवणानंतर. एचएस 'होरा सोम्नी', झोपेच्या वेळी. एसओएस 'सी ओपुस सित', गरज पडली तर. मुलांना घरातली एखादी जुनी चिठ्ठी द्या. 'होरा सोम्नी'मधलं 'सोम्नी' म्हणजे झोपेच्या, ही षष्ठी त्यांना पाच मिनिटांत कळेल आणि विसरणार नाहीत, कारण आजीच्या गोळीवर ती रोज दिसते.

वाईचा_घाट
'सुमेन्दुम' म्हणजे आपलं संस्कृतातलं 'ग्रहीतव्य', घ्यावयाचं. हा थोरलीसाठी खाऊ राखून ठेवा, तिला आत्ता नको.

अशिलाची_बाजू
सांगलीत वकिली करतो. आमच्याकडेही लॅटिन ढीगभर: प्राइमा फेसी, स्टेटस को, सुओ मोटो, सायनी डाय. पण मूळ प्रश्न नपुंसकलिंगावर अडला आहे ना? मग हेबियस कॉर्पस घ्या. 'कॉर्पुस' म्हणजे शरीर, नपुंसकलिंगी, आणि इथे ते कर्म आहे. तरी रूप बदललेलं नाही. 'हाबेआस', तू ठेवावंस. काय ठेवावंस? कॉर्पुस. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया एकसारखी, हा नियम त्या दोन शब्दांत बसला आहे. मराठीत बघा: 'झाड पडलं' आणि 'झाड पाहिलं'. झाड दोन्हीकडे झाडच. धाकट्याला हे एवढंच सांगा, व्हिडिओ बंद ठेवून.

वायतुरा
@अशिलाची_बाजू, आज दुपारी सांगितलं. 'झाड पडलं, झाड पाहिलं' म्हटल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "मग हे मला येतंच की." मग 'बेल्लुम' (युद्ध) हा शब्द बेल्लुम, बेल्लुम, बेल्ला, बेल्ला असा वहीत बरोबर चालवला. तीन आठवडे अडलेली गोष्ट होती. मनापासून आभार.

रियाझ
विलंबित लय सांभाळता येत नसेल तर द्रुत घेऊ नये. बाकी चालू द्या.

अर्धविराम
हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. मी कराडची, भाषा शिकवते, आणि माझ्या मुलाला दोन वर्षं असेच इंग्रजीतून बनवलेले लॅटिन पाठ दाखवले आहेत.

माझं ठाम मत असं आहे की 'आठवड्याला एक पाठ' हा वेग आपल्या मुलांसाठी ठरवलेलाच नाही. तो इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी आहे. त्या मुलांना जे अवघड जातं तिथे अभ्यासक्रम हळू चालतो, जे सोपं जातं तिथे पळतो. मराठी मुलाचं सोपं आणि अवघड वेगळ्या जागी असतं.

वेगात कुठे जाता येतं? विभक्ती म्हणजे काय, यावर त्या बाई चार पाठ घालवतात, कारण इंग्रजीत शब्दाच्या जागेवरून कर्ता-कर्म कळतं. आपल्या मुलाला 'शेतकरी मुलीला बघतो' आणि 'मुलीला शेतकरी बघतो' यांचा अर्थ एकच, हे शिकवावं लागत नाही. तीन लिंगं? आपल्याकडे आहेत. 'आमो, आमास, आमात' (मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो)? 'करतो, करतोस' म्हटलं की झालं. 'जेवतोस का?' विचारताना आपण 'तू' म्हणतच नाही. हे सगळं दुप्पट वेगाने संपवा.

आणि कुठे थांबायचं? इथे माझ्या मुलाने मला शिकवलं.

पहिली अडचण शब्दसंग्रहाची. इंग्रजी मुलाला निम्मे शब्द फुकट मिळतात. 'पोर्तात' (वाहून नेतो) म्हटलं की त्याला पोर्टर आठवतो. आपल्या मुलाला दहातले आठ शब्द कोरे असतात. म्हणून वहीत आठवड्याला वीस शब्द असतील तर आपण दहाच घ्यायचे.

दुसरी अडचण 'ला'ची. 'मुलीला बघतो' यातही ला, 'मुलीला फूल देतो' यातही ला. आपली द्वितीया आणि चतुर्थी दिसायला सारखी. लॅटिनमध्ये पहिलं पुएल्लाम, दुसरं पुएल्लाए. माझा मुलगा चार महिने सगळीकडे पुएल्लाम लिहायचा. व्हिडिओत यावर एक वाक्य होतं, कारण इंग्रजी मुलाला दुसऱ्यात 'टू' ऐकू येतं. आम्ही त्या एका वाक्यावर तीन आठवडे थांबलो.

तिसरी अडचण, सगळ्यात मोठी, पाचव्या विभक्तीची. लॅटिनची आब्लातिवुस एकटी आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमीचं काम करते. 'ग्लादिओ' तलवारीने, 'एक्स सिल्वा' जंगलातून, 'इन सिल्वा' जंगलात. आणि लगेच 'इन सिल्वाम' येतं, जंगलात जातो या अर्थी, तिथे मात्र द्वितीया. मराठीत 'जंगलात आहे' आणि 'जंगलात जातो', दोन्हीकडे 'जंगलात'च. मूल इथे हमखास पडतं. हा पाठ आला की महिनाभर पुढचा व्हिडिओ उघडू नका, चालेल.

आणि कृपा करून लॅटिनचं भाषांतर आधी इंग्रजीत आणि मग मराठीत करून घेऊ नका. थेट मराठीत करा. इंग्रजीतून गेलं की विभक्ती वाटेत सांडतात.

वाईचा_घाट
@अर्धविराम, टाळ्या. 'ला'चं तर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

हळदीचं_पेव
लई भारी लिवलंय ताई. मी हरिपूरचा, आमचा धंदा हळदीचा. आमच्या हळदीचं लॅटिन नाव कुर्कुमा लोंगा हे पोरीनं सांगितल्यापास्नं माहीत हाय. पेवात हळद भरली की वरनं बंद करायची, रोज उघडून बघायची न्हाई. पोराच्या डोक्यात जे घातलंय त्याला बी थोडं मुरू द्या. रोज उकरून 'आलं का, आलं का' विचारू नका.

तासगावचा_बेदाणा
@हळदीचं_पेव, लोंगा म्हणजे लांब. आमच्या द्राक्षाचं वितिस विनिफेरा, 'वाइन देणारी'. आम्ही त्याचे बेदाणे करतो तो भाग वेगळा. :)

@अर्धविराम, मान्य. पहिल्या फेरीत पळवायचं हे माझं म्हणणं मी मोठ्या मुलांपुरतं ठेवतो. पण दुसरी फेरी हवीच, यावर ठाम आहे. एकदाच हळूहळू जाऊन सगळं पक्कं होईल असं समजू नका. पुढचं शिकल्यावर मागचं नव्याने कळतं.

मिरजमात्रा
पेवाचं पटलं, पण माणसाचं डोकं म्हणजे पेव नव्हे. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत, पहिल्या दिवसातच सगळ्यात झपाट्याने जातं, नंतर हळू. म्हणून उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एका दिवशी चार वेळा व्हिडिओ बघण्यापेक्षा चार वेगळ्या दिवशी पाच-पाच मिनिटं बघितलेलं टिकतं. धाकट्याचं नेमकं हेच चुकतंय असं मला वाटतं.

आम्ही घरी खोक्यांची पद्धत करतो. शब्दाच्या चिठ्ठ्या, पाच खोकी. आलेला शब्द पुढच्या खोक्यात, चुकलेला पहिल्यात परत. पहिलं खोकं रोज उघडायचं, पाचवं महिन्याने.

गूळपोळी
उच्चारांचं काय करता? आमच्या व्हिडिओत 'चेसार' म्हणतात, दुसरीकडे 'कैसार' ऐकलं, शाळेत आम्ही सीझर शिकलो. मुलगी गोंधळली आहे.

अर्धविराम
@गूळपोळी, 'चे' हा चर्चच्या परंपरेतला उच्चार, 'कै' हा जुन्या रोमन काळचा मानला जातो. तुमच्या व्हिडिओत जो असेल तोच धरा आणि निदान दोन वर्षं बदलू नका. मध्येच दुसरी मालिका लावली की वेग शून्यावर येतो.

उच्चारांवरून एक युक्ती. लॅटिनमध्ये स्वराची लांबी अर्थ बदलते. मुलगी कर्ता असेल तर शेवटचा 'अ' ऱ्हस्व, पाचव्या विभक्तीत तोच दीर्घ. इंग्रजी वहीत त्यासाठी अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देतात आणि मुलं ती विसरतात. आम्ही तक्ता देवनागरीत लिहिला: पुएल्ल आणि पुएल्ला. फक्त पहिल्यातला शेवटचा 'ल' मराठीसारखा पाय मोडून म्हणायचा नाही, संस्कृतसारखा पूर्ण म्हणायचा. हे सांगायला मला आठवडा लागला, पण गोंधळ कायमचा गेला.

एक_कप_चहा
मी वर उपयोगाचं विचारलं होतं. वाचत गेलो तसं पटत गेलं. पण वनस्पतींच्या नावांसाठीच शिकायचं असेल तर एवढं व्याकरण कशाला? नावांचे अर्थ पाठ केले की झालं नाही का? नव्या वनस्पतीचं वर्णनसुद्धा आता लॅटिनमध्ये सक्तीचं राहिलेलं नाही म्हणतात.

अर्धविराम
बरोबर, २०१२ पासून इंग्रजीतलं वर्णनही चालतं. पण नाव अजून लॅटिन व्याकरणानेच चालतं. पिंपळ बघा: फिकुस रेलिगिओसा. फिकुसच्या शेवटी 'उस' आहे, मुलाला वाटणार पुल्लिंगी, मग विशेषण 'रेलिगिओसुस' हवं होतं. नाही, कारण लॅटिनमध्ये झाडं बहुतेक स्त्रीलिंगी. चिंचसुद्धा तामारिन्दुस इन्दिका. याच्या उलट 'अग्रिकोला', शेतकरी. दिसायला पुएल्लासारखा, पण पुल्लिंगी, म्हणून 'अग्रिकोला बोनुस'. ऊस म्हणजे साक्कारुम ओफ्फिकिनारुम, तिथला 'आरुम' हा षष्ठीचा अनेकवचनी प्रत्यय, 'औषधशाळांचा'. नुसते अर्थ पाठ केले तर ही गंमत हातातून जाते.

वायतुरा
दोन आठवड्यांनी परत आले. काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर.

दोघांना वेगळं केलं नाही, पण त्यांची कामं वेगळी केली. व्हिडिओ सोमवारी दोघं एकत्र बघतात, एकदाच. थांबवायचं बटण धाकट्याच्या हातात. बाईंनी प्रश्न विचारला की तो थांबवतो, दोघं उत्तर म्हणतात, मगच पुढे. पंधरा मिनिटांचा पाठ आता चाळीस मिनिटं चालतो आणि कुणीही कंटाळत नाही. हे आधी का सुचलं नाही असं वाटलं. मंगळवारपासून व्हिडिओ बंद. वाईकरांनी सांगितलं तसं सकाळी दहा मिनिटं म्हणणं, त्याच्यावर नाही. वाक्यं थेट मराठीत. चिठ्ठ्यांसाठी कंदी पेढ्यांची पाच रिकामी खोकी जमवली आहेत.

शुक्रवारी धाकटा आजीला शिकवतो. आजीला लॅटिनचं अक्षरही येत नाही, ती फक्त "का रे?" विचारते. तो ज्या "का रे"ला अडतो ती गोष्ट पुढच्या आठवड्यात परत. तो अडला नाही तरच नवा पाठ. त्यामुळे आता वेग ना अभ्यासक्रम ठरवतो, ना मी. कधी पाठ पाच दिवसांत होईल, नववा या नव्या पद्धतीने आणखी अकरा दिवस चालला.

थोरलीची घाई हा वेगळा प्रश्न होता. तेरड्याचं नाव इम्पातिएन्स, 'अधीर', बोट लागताच बी उडवणारा. ते ऐकून धाकटा तिला आता त्याच नावाने हाक मारतो. तिला पुढचे व्हिडिओ बघायची मुभा दिली, बेदाणे साहेबांच्या पद्धतीने, अट एकच: वहीतलं काम धाकट्याबरोबरच. आणि कासच्या फुलांच्या नावांची वही तिची तिची. काल तिने सीतेच्या आसवांचं नाव, उत्रिकुलारिया, फोडलं, 'उत्रिकुलुस' म्हणजे छोटी पिशवी. त्या झाडाला किडे पकडायच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून.

गूळपोळी
आजीची कल्पना आजच उचलली. आमच्याकडे आजोबा आहेत.

अशिलाची_बाजू
अकराव्या दिवशीही अडला असता तर?

वायतुरा
@अशिलाची_बाजू, तर तो पाठ तसाच सोडून मागच्या दोन पाठांची वाक्यं घेणार होते आणि पंधरवड्याने परत येणार होते. सक्ती करणार नव्हते. त्याला विषय आवडतो आहे, तेवढं जपायचं आहे.

अर्धविराम
बरोबर. आणि 'इन सिल्वाम'चा पाठ आला की इथे लिहा. त्यासाठी माझ्याकडे खडूने अंगणात जंगल काढून खेळायचा एक खेळ आहे. आत उभं राहिलं तर 'सिल्वा', बाहेरून उडी मारली तर 'सिल्वाम'.

वायतुरा
तो पाठ चौदावा आहे, यादीत बघितला. आत्ता दहावा चालू. गौरी-गणपतीचे दहा दिवस व्हिडिओ बंद, फक्त खोक्यातल्या चिठ्ठ्या आणि आजी. म्हणजे साधारण दिवाळीच्या आसपास अंगणात खडू लागेल. तेव्हा इथेच लिहीन.